वर्गातील वाचन : शिक्षकांचे प्रश्न

प्रश्न : सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही दरमहा बक्षीस देतो. मुले पुस्तके भराभर बदलतात, पण त्यांविषयी काही सांगत नाहीत. असे का होते?

बक्षीस संख्येला असल्यामुळे मुले पातळ पुस्तके निवडतात आणि ती उरकतात. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील काही मुलांना त्यासाठी प्रशस्तिपत्र देण्याचे आधी कबूल करण्यात आले होते. पुढे मोकळ्या वेळेत या मुलांनी चित्रे काढण्यात इतरांच्या सुमारे निम्माच वेळ घालवला, तर अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्यांची आवड टिकून राहिली. म्हणून बक्षीस द्यायचेच असेल, तर ते आधी जाहीर न करता द्यावे आणि शक्यतो पुस्तकच द्यावे. ‘किती वाचलीस?’ याऐवजी ‘कोणाचे वागणे तुला पटले नाही?’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर पुस्तक चाळून देता येत नाही.

प्रश्न : सातवीतील एक विद्यार्थिनी मोठ्याने वाचण्याची पाळी आली की गप्प बसते. तिला गोडी कशी लावावी?

गोडीचा विचार करण्याआधी अडचण नेमकी कुठे आहे ते पाहावे. एक उतारा तिला वाचून दाखवावा आणि तितकाच अवघड दुसरा उतारा, वर्गात कोणी नसताना, तिला वाचू द्यावा. ऐकलेले नीट समजते पण स्वतः वाचलेले समजत नाही, असे आढळले, तर तिची अडचण बहुधा अक्षरे जोडून शब्द ओळखण्यात आहे, आणि ती केवळ प्रोत्साहनाने सुटणार नाही. रोज थोडा वेळ एकच छोटा उतारा आधी आपण वाचावा, मग तिच्याकडून तो दोन-तीनदा वाचून घ्यावा. वर्गासमोरची पाळी तूर्त थांबवावी. तिला लहान मुलांची पुस्तके देणे मला अजिबात मान्य नाही, कारण तिची समज तिच्या वयाचीच आहे. तिच्या आवडीचा मजकूर सोप्या भाषेत शोधावा आणि अवघड पुस्तके तिला वाचून दाखवावीत.

प्रश्न : मूकवाचनाच्या तासिकेत बरीच मुले नुसती पाने उलटतात. तासिका बंद करावी का?

बंद करू नये, परंतु त्या वेळेत शिक्षकांनी वह्या तपासत बसू नये. रोज दोन-तीन मुलांशेजारी बसून चार ओळी ऐकाव्यात आणि पुढे काय होईल असे वाटते, ते विचारावे. पुस्तक रुचले नाही तर अर्ध्यावर सोडण्याची मुभा जरूर द्यावी; मात्र दुसरे निवडताना त्या मुलाला एकटे सोडू नये.