२६ इंची सायकल दुरुस्त करू, की २९ घेऊ?

नागपुरातल्या मानेवाड्याहून एका शिक्षकांचं पत्र आलं आहे. वय ३६, विनाअनुदानित शाळेत नोकरी, हातात येणारा पगार ५२,००० रुपये. भाडं धरून घरखर्च ३८,०००, मुलीच्या नावानं ५,००० ची एसआयपी, स्कूटरचा हप्ता ३,१००. हा हप्ता मार्चमध्ये संपतो. अडीअडचणीसाठी १,२०,००० बाजूला ठेवलेत. त्यांच्याकडे २६ इंची चाकांची जुनी माउंटन बाइक आहे. तिच्यावर ते आठवड्यातून तीन दिवस हिंगणा रोडच्या शाळेत जातात, जाऊन-येऊन १८ किलोमीटर. रविवारी ग्रुपसोबत सेमिनरी हिल्स, गोरेवाडा, कधी रामटेकजवळच्या खिंडसीपर्यंत.

आता सायकल कुरकुरतेय. दुकानानं दुरुस्तीचे १२,५०० सांगितले. त्याच दुकानात २९ इंची नवी सायकल ४६,००० ला आहे, बारा महिन्यांच्या 'नो कॉस्ट' हप्त्यावर, आणि जुनीचे ३,००० वळते करून देतो म्हणतात. शाळेतले एक सहकारी आपली २०१७ ची साडेसत्तावीस इंची २२,००० ला द्यायला तयार आहेत, उत्तर रविवारपर्यंत हवंय. शिवाय एका मित्रानं सुचवलं की जुन्याच सायकलला साडेसत्तावीसची चाकं टाक. पत्नीचं म्हणणं, चालतेय तोवर चालवा. सर विचारतात, काय करू?

सर, आधी चाकाचं बोलू, कारण पैसे कुठे अडकतात ते तिथूनच कळतं. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ५४-५५९ असा काहीतरी आकडा असतो. त्यातला ५५९ म्हणजे टायर रिमवर बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. साडेसत्तावीसचा तो ५८४ आहे आणि २९ चा ६२२. वजाबाकी करून पाहा: २६ आणि साडेसत्तावीसमध्ये फरक फक्त २५ मिलिमीटर, तर साडेसत्तावीस आणि २९ मध्ये ३८. नावावरून साडेसत्तावीस बरोबर मधोमध वाटतं, पण ते तुमच्या जुन्या चाकाच्याच जवळ आहे. सहकाऱ्यांच्या सायकलीला २२,००० मोजताना हे लक्षात असू द्या.

२६ इंच ठरलं ते काही प्रयोगशाळेत नाही. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात मरीन काउंटीतली पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडायची, त्या सायकलींची चाकं २६ ची होती. पुढे धंदा उभा राहिला तो त्याच मापावर. मोठ्या चाकाचा फायदा खरा आहे. दगडाला किंवा खड्ड्याच्या कडेला ते कमी कोनात भिडतं, म्हणून अडखळत नाही, वेग टिकतो. तोटाही आहे: जड असतं, उभ्यावरून पळायला वेळ घेतं, अरुंद वळणात जरा सुस्त वाटतं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या माउंटन बाइक शर्यतीत यारोस्लाव्ह कुल्हावी २९ वर पहिला आला आणि निनो शुर्टर साडेसत्तावीसवर दुसरा. रिओला २०१६ मध्ये त्याच शुर्टरनं सुवर्ण जिंकलं, तेव्हा तो २९ वर होता. तेव्हापासून क्रॉसकंट्री शर्यतींत २९ चंच राज्य आहे. साडेसत्तावीस उरलंय ते मुख्यतः लहान फ्रेममध्ये.

म्हणजे २६ भंगारात गेलं का? नागपुरात तरी नाही, आणि इथेच परदेशातली मतं वाचून आपली फसगत होते. २६ चं टायर-ट्यूब आपल्याकडे गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडेही मिळतं, कारण लुधियानाकडून येणाऱ्या स्वस्त गिअरच्या सायकली वर्षानुवर्षं याच मापाच्या होत्या. फक्त घेताना २६ x २.१० असं दशांशात लिहिलेलं घ्या. २६ x १ ३/८ असं अपूर्णांकात लिहिलेलं टायर ५९० मिलिमीटरचं असतं, ते तुमच्या रिमवर बसायचं नाही. चांगल्या दर्जाचा फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा काटा), हलकी रिम, भारी टायर, हे मात्र २६ मध्ये दिवसेंदिवस दुर्मिळ होत चाललंय. त्यामुळे २६ वर रबर, चेन, बेअरिंग यांचा खर्च बिनधास्त करा. महागडे भाग त्यात घालू नका.

आता तुमचं एस्टिमेट. फोर्क ६,५००, मागचं चाक २,८००, टायर-ट्यूबची जोडी १,६००, चेन आणि फ्रीव्हील १,२००, मजुरी ४००. यातला फोर्क खोडा. जुन्या फ्रेमला फोर्कची सव्वा इंचाहून थोडी कमी, सरळ नळी लागते. बहुतेक नव्या सायकलींत ती खाली रुंद होत जाते, त्यामुळे आज घेतलेला फोर्क उद्याच्या सायकलीत कामाचा नाही, आणि शाळेच्या सिमेंट रस्त्यावर त्याचा उपयोगही थोडाच. तुमचा फोर्क लॉक होत नाही, खडखडतो, एवढंच असेल तर शहरात चालेल. मेकॅनिकला मात्र फोर्कचे पाय आणि वरचा जोड तपासायला लावा. तडा दिसला तर त्याच उंचीचा साधा लोखंडी फोर्क बसवून घ्या.

चाकाच्या बाबतीत मात्र एक रुपयाही वाचवू नका. तुमचे ब्रेक रिमवर घासणारे आहेत. ब्रेकचं रबर जिथे घासतं त्या पट्ट्यावरून नख आडवं फिरवा. मधे खोलगट लागलं, कडेशी धार जाणवली, तर रिमची भिंत पातळ झाली आहे. अशी रिम भरल्या हवेवर, उतारावर फाटू शकते. हे २,८०० सायकलीसाठी नाहीत, तुमच्या हाडांसाठी आहेत. आणि मित्राचा साडेसत्तावीसची चाकं टाकण्याचा सल्ला याच ब्रेकमुळे बाद होतो: रिम साडेबारा मिलिमीटर वर सरकते, ब्रेकचं रबर तिथवर पोहोचतच नाही. डिस्क ब्रेक असते तर फ्रेममध्ये जागा आहे का, हे तरी बघितलं असतं.

फोर्क वगळून राहिले ६,०००. तुमच्या महिन्याच्या हिशेबात ५,९०० शिल्लक राहतात. या महिन्यात चाक आणि टायर, पुढच्या महिन्यात चेनचं काम, ठेवीला हात न लावता होतं. टायर गोट्यांचे न घेता गुळगुळीत घ्या. शाळेच्या वाटेवर चाकाच्या मापापेक्षा या बदलानं जास्त फरक पडेल.

पेट्रोलचं तुम्ही लिहिलंय की नवी सायकल वर्षभरात 'पैसे वसूल' करेल. आठवड्याला ५४ किलोमीटर, शाळेचे ४२ आठवडे, म्हणजे २,२०० हून थोडे जास्त किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ देते आणि पेट्रोल १०४ धरलं, तर वाचतात पाच हजारांच्या आसपास. चांगली रक्कम आहे. पण ती वाचते तुम्ही पेडल मारता म्हणून, चाक २९ चं आहे म्हणून नाही. जुन्या सायकलीवरही तेवढीच वाचेल. तेव्हा नव्या सायकलीचं समर्थन पेट्रोलवर उभं करू नका.

ते समर्थन रविवारचं आहे, आणि ते मला पटतं. गोरेवाड्याकडची दगडधोंड्यांची वाट, खिंडसीच्या बाजूचे कच्चे रस्ते, सिमेंट रोडच्या काठाची बोटभर उंच कड, इथे २९ खरोखर वेगळी चालते. तुम्ही लिहिता की ग्रुपमध्ये सगळ्यात मागे राहता आणि त्यामुळे दोनदा जायचं टाळलंत. शनिवारीच उत्साह मावळू लागला तर ते पैशांपेक्षा मोठं नुकसान आहे. मधुमेहाचा घरचा इतिहासही तुम्हीच सांगितलाय. उन्हाळा आणि मुसळधार पाऊस सोडून वर्षाला ३५ रविवार धरा, पाच वर्षांचे १७५. ४३,००० ची सायकल रविवारी २५० रुपयांना पडते. तर्री-पोह्यासह सकाळ इतकी छान जात असेल तर मी या खर्चाला उधळपट्टी म्हणणार नाही. वर्षाला १२ च रविवार निघालात तर तोच आकडा ७०० च्या वर जातो. तेव्हा नवी घेईपर्यंतचे रविवार दुरुस्त केलेल्या २६ वर जा, आकडा आपोआप कळेल.

४६,००० ऐवजी मी ४३,००० का धरले? २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या करासह ४६,००० असलेली किंमत नव्या करानं ४३,१२५ होते. दुकानदाराला विचारा की सांगितलेला भाव कुठल्या करानं आहे, आणि पक्कं बिल घ्या.

'नो कॉस्ट' हप्ता घेऊ नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनंच बँकांना बजावलं होतं. होतं असं की दुकानातली सूट व्याजाच्या नावानं वळवली जाते, बँक व्याज लावतेच, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुम्ही भरता. १६ टक्के दर धरला तर महिना ३,८३३ च्या हप्त्यात वर्षाला सुमारे ३,७५० व्याज लपलेलं असतं आणि कराचे साधारण ७०० वरून जातात. प्रोसेसिंग फी निराळी. रोख देणाऱ्याला ती सूट मिळते का, एवढं विचारलंत तरी दुकानदाराचा चेहरा बरंच सांगेल.

आणि १,२०,००० ची ठेव मोडू नका. ती तुमचा तीन महिन्यांचा खर्च आहे. मे-जूनचा पगार दोनदा लांबला हे तुम्ही स्वतः लिहिलंय. त्यातून ४६,००० काढले तर दोन महिनेसुद्धा भागणार नाहीत, आणि जूनमध्ये मुलीची फी उभी आहे.

माझा मार्ग असा. मार्चला स्कूटरचा हप्ता संपेल. एप्रिलपासून तेच ३,१०० आणि वर १,०००, असे ४,१०० बँकेच्या आवर्ती ठेवीत दहा महिन्यांसाठी टाका. पोस्टाची आवर्ती पाच वर्षांची असते, ती इथे नको. म्युच्युअल फंडातही नको, दहा महिन्यांनी लागणारा पैसा बाजारावर सोडू नये. जानेवारीपर्यंत ४१,००० मुद्दल आणि व्याजाचे हजारभर जमतील. हजार-दोन हजार वर घालून फेब्रुवारीत रोखीनं २९ घ्या. एसआयपीला धक्का नाही.

नवी आल्यावरही जुनी ३,००० ला देऊ नका. नवं चाक, नवे टायर घातलेली सायकल शाळेसाठी राहू द्या. ४३,००० ची सायकल शाळेच्या कुंपणाला कुलपावर सोडून वर्गात लक्ष लागणार नाही.

नवी घेताना उंची तुमची पाच फूट सहा इंच, तेव्हा दोन्ही पाय जमिनीवर टेकवून फ्रेमच्या दांड्यावरून उभे राहून पाहा, मधे जागा राहिली पाहिजे. राहत नसेल तर लहान फ्रेम मागा. रिम ट्यूबलेस चालणारी आहे का ते विचारा. आपल्याकडे बाभळीच्या काट्यांनी ट्यूब टिकत नाही. मात्र आतलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) आपल्या ४५ अंशांत लवकर सुकतं, उन्हाळ्यात ते जास्त वेळा भरावं लागेल, तो खर्च धरून चला. २९ चं रिमचं माप तेच जे रोड आणि हायब्रिड सायकलींच्या ७०० सी चं, ६२२. त्यामुळे रिमची रुंदी जुळली तर पुढे अरुंद, गुळगुळीत टायरही चढतील, आणि हे माप लवकर अनाथ होईल अशी चिन्हं नाहीत.

सहकाऱ्यांना रविवारआधीच 'नाही' कळवा. सायकल वाईट आहे म्हणून नाही. एअर फोर्कचे सील आणि तेल वेळेवर बदलल्याची पावती त्यांच्याकडे नाही असं तुम्ही लिहिलंय, आणि २५ मिलिमीटरच्या फरकासाठी २२,००० घातल्यावर २९ साठी पुन्हा पैसे जमवणं आणखी लांबेल. त्यांना हेच कारण स्पष्ट सांगा, रोज स्टाफरूममध्ये भेट होते, संबंध जपलेले बरे.