पहिल्या नातवंडासाठी घरीच गोधडी शिवायची आहे. जुन्या साड्या चालतील का?

चालतील काय, जुन्याच घ्या! धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याची सर नव्या कापडाला येत नाही. सिंथेटिक मात्र नको, घाम शोषत नाही. जरीचे काठ-पदर असतील तर कापून टाका, ते टोचतात.

बाळासाठी साधारण मीटरभर लांब-रुंद पुरे. कापडाचे चार पदर, म्हणजे थर, घेतले तर अख्ख्या नऊवारीत अशा दोन निघतात. आधी कापड गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. मग फरशीवर पदर एकावर एक पसरून हाताने सुरकुत्या मधून कडेला काढत न्या, कोपऱ्यांवर डबे ठेवा आणि लांब कच्चे टाके घाला. मी पहिल्या वेळी कंटाळा करून हे गाळलं, तर मधोमध असा फुगा आला की अर्धी गोधडी उसवावी लागली.

नंतर बोटभर अंतरावर धावदोरा. गाठ नेहमी दोन पदरांच्या मध्ये लपवा, बाळाची बोटं सुट्या दोऱ्यात अडकतात. टिकल्या, मणी, बटणं अजिबात नकोत. टाके वाकडे गेले तर जाऊ द्या, गोधडीला ते शोभतात.

एकच गोधडी केली तर उरलेल्या कापडात दोन झबली आणि एक कुंची होते. झबल्याला बटणांऐवजी बांधायचे बंदच लावा.

एक सांगते, वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना गोधडी अंगावर घालू नका, तोंडावर येऊ शकते. जागं असताना खाली अंथरायला उत्तम.