वाचक विचारतात : दाखल्यावरचे टक्के आणि योजनांचे निकष

दिव्यांगत्वाचा दाखला आणि शासकीय मदत या विषयावर नागपूर शहरातून व जिल्ह्यातून या वेळी बरीच पत्रे आली. दाखला हाती आला की सगळ्या योजना आपोआप लागू होतात, ही समजूत त्यांतील बहुतेक पत्रांत दिसते. आणि एका खिडकीवर नकार मिळाला की दाखलाच कुचकामी ठरवणारेही काही आहेत. निवडक तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

माझे पती वेल्डिंगचे काम करतात. सहा वर्षांपूर्वी ठिणगी उडून त्यांचा उजवा डोळा गेला. डावा चांगला आहे. त्याचा ३० टक्क्यांचा जुना कागदी दाखला आमच्याकडे आहे. गेल्या वर्षी अपघातानंतर पायाचा २० टक्क्यांचा वेगळा दाखला मिळाला. दोन्ही मिळून ५० टक्के होत असताना संजय गांधी निराधार योजनेचा आमचा अर्ज परत आला. कार्यालयाबाहेरचा एक जण "टक्के वाढवून देतो" म्हणून पैसे मागतो. पतीची कमाई महिन्याला नऊ हजारांच्या आसपास आहे आणि घरात दुसरे कोणी कमावते नाही. — एक भगिनी, पाचपावली

आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. ते आधी वेगळे करू, कारण एकाचे उत्तर आपल्या बाजूचे आहे आणि दुसऱ्याचे नाही.

पहिला प्रश्न टक्क्यांचा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते, आणि केवळ एक डोळा गेलेला व दुसरा चांगला असलेल्या व्यक्तीचे मूल्यमापन ३० टक्क्यांवर थांबते. ऐकायला हे कठोर वाटते, पण दृष्टीचे मोजमाप करताना चांगल्या डोळ्याला मोठे वजन दिले जाते आणि तेही चष्मा लावून. आपल्या पतींना पायाचे दिव्यांगत्वही आहे, म्हणून दोहोंचा एकत्र विचार व्हायला हवा. मात्र तो साध्या बेरजेने होत नाही. मोठा आकडा तसाच ठेवायचा, ९० मधून तो वजा करायचा, उरलेल्या संख्येला लहान आकड्याने गुणून ९० ने भागायचे आणि आलेले उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचे, अशी रीत आहे. आपल्या बाबतीत ९० मधून ३० गेले, ६० उरले. ६० गुणिले २० म्हणजे १२००. त्याला ९० ने भागले की १३ आणि थोडे वर. ३० मध्ये ते मिळवले तर सुमारे ४३ टक्के होतात. म्हणजे आपण समजता तितके, ५० टक्के, नाहीत. तरीही ४० ची रेषा ओलांडलेली आहे.

हे गणित घरी करून चालत नाही, आणि दोन वेगळे दाखले एकत्र पिन करून दिल्यानेही ते ग्राह्य धरले जात नाही. वैश्विक ओळखपत्राच्या, म्हणजेच यूडीआयडीच्या, संकेतस्थळावर एकच अर्ज भरून त्यात डोळा व पाय अशी दोन्ही दिव्यांगत्वे नोंदवावीत, रुग्णालय म्हणून नागपुरातील मेडिकल किंवा मेयो यांपैकी एक शासकीय रुग्णालय निवडावे आणि तपासणीच्या दिवशी दोन्ही जुने दाखले व अपघाताच्या वेळचे रुग्णालयातून सुटी झाल्याचे कागद सोबत न्यावेत. तपासणीनंतरचा निर्णय मान्य नसेल, तर निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत अपील करता येते. बाहेरच्या त्या माणसाला मात्र एक रुपयाही देऊ नये. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने मिळवणाऱ्याला याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे, आणि तक्रार झालीच तर दाखल्यावर नाव आपल्या पतींचे असेल, त्या माणसाचे नसेल.

दुसरा प्रश्न अनुदानाचा. येथे थोडे निराशेचे लिहावे लागते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग अर्जदारासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत असावे लागते. महिन्याचे नऊ हजार म्हणजे वर्षाचे एक लाख आठ हजार. त्यामुळे टक्के ४३ ठरले तरी या अनुदानासाठी आपण सध्या अपात्र ठरता. (ही मर्यादा आजच्या महागाईला धरून नाही, असे आमचेही मत आहे, पण अर्ज तपासणाऱ्याला ती बदलता येत नाही, आणि उत्पन्नाचा दाखला खोटा काढण्याचा सल्ला आम्ही देणार नाही.) उत्पन्न मर्यादेत असणाऱ्यांसाठी सांगतो की या योजनेत राज्यात १५ वर्षांचे वास्तव्य लागते आणि दिव्यांग लाभार्थ्यांची मासिक रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून १५०० वरून २५०० रुपये झाली आहे. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनाची अट आणखी कडक आहे : दारिद्र्यरेषेखालील कुटुंब आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व.

पण ४३ टक्क्यांचा दाखला वाया जात नाही. एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. पायासाठी कुबडी, कॅलिपर यांसारखे साहाय्यक साधन हवे असल्यास केंद्राच्या एडिप योजनेत मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर ते पूर्णपणे विनामूल्य मिळते. फक्त तेच साधन गेल्या तीन वर्षांत शासकीय योजनेतून घेतलेले नसावे. महानगरपालिकेला आपल्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखावा लागतो. त्यातून सध्या कोणत्या बाबींसाठी अर्ज घेतले जात आहेत, हे पालिकेच्या समाजविकास विभागात विचारावे. आपण ज्या खिडकीवरून परत आलात ती एकाच योजनेची खिडकी होती.

माझ्या दोन्ही मुलांच्या रक्ततपासणीत सिकलसेल निघाले. मोठीच्या कागदावर "एसएस" आणि धाकट्याच्या कागदावर "एएस" लिहिले आहे. दोघांचाही दिव्यांग दाखला मिळेल का? — एक वाचक, उमरेड

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार २०१६ च्या कायद्यातील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत समाविष्ट आहे, ही विदर्भातील असंख्य कुटुंबांच्या दृष्टीने फार महत्त्वाची गोष्ट होती. तथापि, "एसएस" म्हणजे आजार आणि "एएस" म्हणजे केवळ वाहक. धाकट्याला दाखला मिळणार नाही, आणि त्याला त्याची गरजही नाही. त्याचा अहवाल मात्र जपून ठेवावा, कारण पुढे लग्नाच्या वेळी जोडीदाराची तपासणी करून घेणे आवश्यक ठरेल.

मोठीसाठी जरूर अर्ज करावा. आजार सिद्ध झाला म्हणजे ४० टक्के मिळालेच, असे मात्र समजू नये. त्याने शरीराचे किती नुकसान केले आहे, हे तपासणारे डॉक्टर पाहतात. म्हणून वेदनेचे झटके केव्हा आले, किती वेळा भरती करावे लागले, रक्ताच्या किती पिशव्या चढवल्या, या सगळ्याचे कागद तारखेच्या क्रमाने लावून न्यावेत. आमच्या अनुभवात अशा अर्जांत आजारापेक्षा कागदच अधिक वेळा कमी पडतात. दाखला मुदतीचा मिळाला तर त्यावरील शेवटची तारीख लिहून ठेवावी आणि ती संपण्याआधी पुन्हा अर्ज करावा.

माझा ३४ वर्षांचा धाकटा भाऊ बौद्धिक दिव्यांग आहे, दाखला ७५ टक्क्यांचा आहे. वडील राज्य शासनात होते. त्यांच्यानंतर आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. आईनंतर भावाला मदत कोणत्या नावाने मिळेल? — एक वाचक, धंतोली

स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या अशा अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकते. पण त्यासाठी त्याचे नाव व दाखला वडिलांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत नोंदलेला असावा लागतो. ती नोंद आई हयात असतानाच, तिच्या सहीने, कोषागार व वडिलांचे शेवटचे कार्यालय या दोन्ही ठिकाणी करून घ्यावी. वडील गेल्यावर अर्ज करता येतो, आई गेल्यावरही येतो; फरक एवढाच की पुढच्या वेळी सही करणारे आणि जुने संदर्भ सांगणारे कोणी उरलेले नसते.

भाऊ सज्ञान असला तरी स्वतः व्यवहार करू शकत नसल्याने त्याला कायदेशीर पालक लागेल. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती ही नेमणूक करते. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात आणि बहुदिव्यांगत्व या चार प्रकारांना ही सोय आहे. त्याच न्यासाच्या निरामय योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी करावी लागत नाही. अर्ज करताना आई व आपण दोघांनीही सोबत जावे, आणि पालक म्हणून आपले नाव असावे की घरातील दुसऱ्या कोणाचे, हे घरी बसून आधीच ठरवावे.