होमगार्डमध्ये नवीन आहे, कुणाला सर म्हणायचं, कुणाला साहेब आणि सॅल्युट कुणाला करायचा?

तुमचा प्रश्न वाचला. साताऱ्यात होमगार्डमध्ये नवीन निवड झाली, पहिल्या कवायतीला गेलात तर कुणी सर म्हणतंय कुणी साहेब कुणी मेजर, आणि तुमचा पलटण नायक, म्हणजे पथकातला तुमचा अधिकारी, निघाला तुमच्याच गल्लीतला किराणा दुकानदार, ज्याला तुम्ही लहानपणापासून बापूकाका म्हणत आलाय. मी कराड पथकात आहे बरीच वर्षं, एरवी शिवणकाम करते, पथकातल्या निम्म्या लोकांच्या बाहीवरच्या फिती माझ्याच मशीनवर बसतात, त्यामुळं कुणाचं प्रमोशन झालं ते मला त्याच्या बायकोच्या आधी कळतं. तर सांगते मला माहितीये तसं.

आधी बापूकाकांचंच. खाकी अंगावर आहे, दोघंही हजेरीत आहात, तेवढा वेळ सर. घरी आलात, कपडे बदलले, साखर आणायला दुकानात गेलात की बापूकाका. तिथं सर म्हणालात तर त्यांनाच कसंतरी होईल. आपलं काम मानसेवी आहे, पगारी नोकरी नाही, म्हणजे जो तुम्हाला दाहिने मुड करायला लावतो तो उद्या सकाळी दूध घालायला जाणार असतो, कुणी शाळेत शिपाई असतो, कुणाचं सलून असतं, आणि बंदोबस्त संपला की कुणी कुणाचा साहेब नाही. म्हणून तर ड्युटीवर ते जरा काटेकोर पाळावं लागतं, नाहीतर गल्लीतलं सगळं मैदानावर येतं. माझा चुलत दीर आमच्याच पथकात सेक्शन लीडर आहे. घरी मी त्याला भाऊजी म्हणते, तो मला वैनी. कवायतीला मी लीडर म्हणते, आणि त्यानं मला आडनावानं हाक मारायला पाहिजे पण आडनाव दोघांचं एकच, मग तो सनद नंबर (प्रत्येक होमगार्डला मिळतो तो नंबर) म्हणून मोकळा होतो. सुरुवातीला सगळं पथक हसायचं, आता कुणाच्या लक्षातपण येत नाही.

वयाचं मात्र अवघड जातं लोकांना हे मान्य आहे. पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस पंचवीस-सव्वीसच्या पोराला सर म्हणतोय हे आपल्याकडं पचत नाही लवकर. यात पोरांनीपण थोडं समजून घ्यायला पाहिजे असं माझं मत आहे, हुकूम द्या पण अरेतुरे करू नका, आमच्याकडं एक तरुण लीडर आहे तो वयानं मोठ्या माणसाला हुकूम देताना आडनावापुढं दादा लावतो, आणि गंमत अशी की त्याचं सगळ्यात जास्त ऐकलं जातं.

आता रँकचं. आपण सगळे खाली नुसते होमगार्ड, बाही मोकळी. त्याच्यावर सेक्शन लीडर वगैरे, मग सार्जंट लोक, त्यात कंपनी क्वार्टर मास्टर सार्जंट आणि कंपनी सार्जंट मेजर अशी लांबलचक नावं आहेत, बोलताना कुणी एवढं म्हणत बसत नाही, सार्जंट म्हटलं की झालं. इथपर्यंत बाहीवर फिती. त्याच्यावर अधिकारी सुरू होतात, पलटण नायक, वरिष्ठ पलटण नायक, कंपनी कमांडर, आणि तालुक्याच्या पथकाचा प्रमुख तो तालुका समादेशक. बऱ्याच पथकांत ही वरची जागा प्रभारी असते म्हणजे पलटण नायकाकडंच चार्ज असतो, पण तुम्ही प्रभारी समादेशक सर असं म्हणू नका हं, नुसतं समादेशक सर किंवा सर. जिल्ह्याला जिल्हा समादेशक, ते म्हणजे अपर पोलीस अधीक्षक, त्यांच्याकडं होमगार्डचा जादा चार्ज असतो. सगळ्यात वर मुंबईला महासमादेशक, ते पोलीस महासंचालक दर्जाचे आयपीएस. जिल्हा ऑफिसला केंद्रनायक आणि निदेशक भेटतील, हे पूर्णवेळ पगारी लोक, कवायत शिकवणाऱ्या निदेशकाला सर म्हणा नाहीतर उस्ताद म्हणा, उस्ताद म्हटलेलं त्यांना जास्त आवडतं असा माझा अनुभव. (हुकूम हिंदीत असतात, सावधान विश्राम पीछे मुड, शाळेत पीटी केली असेल तर जमेल.)

सॅल्युट. नवीन माणूस एकतर कुणालाच करत नाही नाहीतर दिसेल त्याला करत सुटतो. फिती बाहीवर असतील तर सॅल्युट नाही, सावधान उभं राहून जय हिंद म्हणायचं. खांद्यावर स्टार असतील तर सॅल्युट, आणि तोंडानं जय हिंद सर, बाई असतील तर जय हिंद मॅडम. डोक्यावर टोपी नसेल तर हात कपाळाला न्यायचा नाही, नुसतं सावधान. हातात सामान असेल, दोरी धरून गर्दी अडवून उभे असाल तरी तेच, दोरी सोडून सॅल्युट मारायला जाऊ नका, माणसं घुसतील. आणि साध्या कपड्यातले अधिकारी ओळखीचे असतील तर करा, ओळखीचे नसतील तर सफारी घातलेल्या प्रत्येकाला करू नका. 25 नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाणांची पुण्यतिथी असते, कराडला प्रीतिसंगमावर समाधीला सकाळपासून पुढाऱ्यांची रीघ लागते, त्या दिवशी सफारीतला माणूस बॉडीगार्ड आहे, कुणाचा पीए आहे का ठेकेदार आहे काही कळत नाही, तिथं सरळ उभं राहायचं आणि सगळ्यांना साहेब म्हणायचं, एवढंच.

पोलिसांचं वेगळं लिहिते कारण तुमची खरी ड्युटी त्यांच्याबरोबरच असणार. मुंबई होमगार्ड अधिनियम 1947 चा आहे, त्यात असं आहे की पोलिसांच्या मदतीला बोलावलं की आपण पोलीस अधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली असतो, आणि तेवढ्या वेळेपुरते पोलिसांचे अधिकार आणि संरक्षणपण आपल्याला असतं. म्हणजे बंदोबस्तात तुमचे बापूकाका पलटण नायक असले तरी पॉइंट म्हणजे उभं राहायची जागा कुठली आणि सुट्टी कधी हे पोलीस स्टेशन ठरवणार. तर त्यांचे खांदे ओळखायला शिका. एक स्टार आणि लाल-निळी फित म्हणजे एएसआय (सहायक पोलीस उपनिरीक्षक). दोन स्टार आणि तीच फित म्हणजे पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक), गावाकडं अजून फौजदारच म्हणतात. तीन स्टारला सगळे गडबडतात कारण एपीआयला (सहायक पोलीस निरीक्षक) तीन, पीआयला (पोलीस निरीक्षक) तीन आणि डीवायएसपीलाही (पोलीस उपअधीक्षक) तीनच. फरक फितीत आहे, एपीआयची नुसती लाल, पीआयची लाल-निळी, डीवायएसपीला फितच नाही, म्हणजे फित नाही म्हणून लहान समजू नका, ते सगळ्यात मोठे. अशोकस्तंभ दिसला की विचार करत बसू नका, सॅल्युट.

बोलताना पीआयला पीआय साहेब किंवा नुसतं साहेब. स्टेशनमध्ये मोठे साहेब म्हटलं तर तेच. पोलिसांत साहेब चालतं आणि आपल्या पथकात सर चालतं, असं का ते मला विचारू नका, रूढच तसं आहे. हवालदार आणि शिपाई यांना आडनाव आणि साहेब, शिंदे साहेब, पवार साहेब, नाहीतर ओळख झाल्यावर दादा. महिला पोलीस असतील तर मॅडम, लई ओळख झाल्यावर ताई, पण त्यांनी आधी तुम्हाला भाऊ वगैरे म्हटल्याशिवाय नको. मामा चुकूनसुद्धा म्हणायचं नाही, पब्लिक म्हणतं ते वेगळं, आपल्या तोंडून तो शब्द आला की तुमचा पॉइंट ऊन लागेल अशा चौकात जातो.

मेजरचं कोडं तुम्हाला पडलंय ते साताऱ्याचंच आहे. आपला जिल्हा फौजींचा, अपशिंगे गावाचं नावच मिलिटरी अपशिंगे पडलं, घरटी माणूस सैन्यात. इकडं सैन्यातून आलेला कुणीही, शिपाई म्हणून रिटायर झालेला असो नाहीतर हवालदार, गावात तो मेजर. एसटीत मेजर, चहाच्या टपरीवर मेजर. पथकातपण असे माजी सैनिक भेटतात, बाही मोकळी पण सगळे मेजर म्हणतात आणि पलटण नायकसुद्धा कवायतीचं काही अडलं तर त्यांच्याकडंच बघतो. तुम्हीही मेजर म्हणा, त्यात काही चुकत नाही. फक्त ती रँक नाही हे ध्यानात ठेवा, मेजर एक सांगतायत आणि सेक्शन लीडर दुसरं सांगतोय असं झालं तर लीडरचं ऐकायचं, मेजर स्वतःच तुम्हाला तसं सांगतील, त्यांना शिस्त आपल्यापेक्षा जास्त कळते. एनसीसीवाली पोरं मात्र जरा त्रास देतात, सी सर्टिफिकेट असतं, अंडर ऑफिसर होतो म्हणतात आणि पहिल्याच दिवशी हुकूम सोडायला लागतात. त्यांना कुणी काही बोलत नाही, निदेशक बघून घेतात.

आता लोकांशी कसं बोलायचं, हे तुम्ही विचारलं नाही पण विचारायला पाहिजे होतं. आषाढीला माऊलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला आपल्या जिल्ह्यात येते, मग तरडगाव, फलटण, बरड, तेवढे दिवस निम्मं होमगार्ड त्या रस्त्यावर असतं. तिथं एकच हाक, माऊली. म्हातारी असो, पोरगं असो, दिंडीतला इंजिनिअर असो, माऊली जरा कडेनं चला. ए सरक म्हणून पाहिलं तर कुणी हलत नाही, माऊली म्हटलं की आख्खी रांग सरकते, आणि तेही तुम्हाला माऊलीच म्हणतात, खाकी बघून दचकत नाहीत. वारीत एक माणूस ओळखून ठेवा तो म्हणजे चोपदार. खांद्यावर स्टार नाही काही नाही, पण चोपदारानं दंड वर केला की हजारो माणसं टाळ थांबवतात. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं तिथं गर्दी मागं घ्यायची असेल तर शिट्ट्या फुंकत बसू नका, चोपदारांना जाऊन सांगा, चोपदार म्हणूनच हाक मारा, तेच योग्य आहे.

यात्रेत, गणपतीत मात्र माऊली चालत नाही. तिथं दादा, ताई, काका, मावशी. पोरींना ताईच, मॅडम म्हटलं तरी चालेल, ए पोरी अजिबात नाही. मंडळाच्या पोरांना अध्यक्ष म्हणा, कुणीही असेना, अध्यक्ष म्हटलं की डॉल्बीचा आवाज थोडा तरी कमी होतो.

आम्हा बायकांना पब्लिक काय म्हणतं तर निम्मे मॅडम, निम्मे ओ पोलीसबाई. मी दुरुस्त करत नाही. एकदोघी आहेत पथकात, त्या सांगत बसतात की आम्ही पोलीस नाही होमगार्ड आहे, आणि मग समोरचा म्हणतो मग कशाला अडवताय, आता झाली का पंचाईत.

राहिलं एक, पथकाचा लिपिक. अंशकालीन असतो, खांद्यावर काही नाही बाहीवर काही नाही, कवायतीला कडेला टेबल टाकून बसलेला असतो आणि नवीन पोरं त्याला ओ भाऊ इकडं सही कुठं करायची असं विचारतात. त्याला साहेब म्हणा. 2024 ला बंदोबस्ताचा भत्ता दिवसाला 570 चा 1083 झाला, तो तुमच्या खात्यात येतो त्या यादीत नाव आणि खाते नंबर लिहिणारा तोच आहे. पासबुकची झेरॉक्स पुढच्या कवायतीलाच देऊन टाका, आयएफएससी कोड नीट दिसतोय का बघून.