कर्ज बाकी असलेली जुनी कार ‘पुढचे हप्ते तुम्ही भरा’ या बोलीवर घ्यावी का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: विट्यातल्या एका पाहुण्यांची २०२१ ची स्विफ्ट तुम्हाला ५ लाख २० हजारांना ठरतेय. गाडीवरच्या कर्जाचे साधारण २ लाख ४० हजार अजून फिटायचे आहेत. तुम्ही २ लाख ८० हजार आत्ता रोख द्यायचे आणि गाडी घेऊन जायची. पुढचे हप्ते तुम्ही भरायचे आणि कर्ज फिटलं की पाहुणे गाडी तुमच्या नावावर करून देणार. तोवर ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून ठेवायची.

गाडी चांगली असेल तर जरूर घ्या, पण या बोलीवर घेऊ नका. मी सांगलीतल्या एका सहकारी बँकेत बरीच वर्षं वाहनकर्जाचं टेबल सांभाळलंय. असे व्यवहार मोडतात तेव्हा घेणारा माणूस आमच्यासमोर येऊन बसायचा, आणि त्याचं खरं असूनही त्याला काहीच देता यायचं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कर्जाचा करार पाहुणे आणि त्यांची फायनान्स कंपनी या दोघांतला आहे. त्यात तुमचं नाव नाही आणि हप्ते भरल्यानं ते येतही नाही. आरसीवर कंपनीच्या नावाची हायपोथिकेशनची, म्हणजे गाडी कर्जापोटी तारण असल्याची नोंद आहे, आपण ज्याला एचपी किंवा बोजा म्हणतो ती. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५१ प्रमाणे ही नोंद असेपर्यंत कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय आरटीओ मालकी बदलत नाही. नोटरीचा कागद एवढंच सांगतो की अमुक दिवशी या दोघांनी सह्या केल्या. तो फायनान्स कंपनीला बांधत नाही, आरटीओलाही नाही. उलट कर्जाच्या करारात बहुतेक वेळा असं कलम असतं की आमच्या परवानगीशिवाय गाडी विकायची नाही किंवा दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची नाही. म्हणजे त्या नोटरीनं पाहुण्यांनी करार मोडल्याचा लेखी पुरावाच तयार होतो.

तुम्ही लिहिलंय, ‘माणूस सरळ आहे, फसवणार नाही.’ मी ते मान्य करतो. माझ्या पाहण्यात जे व्यवहार बिघडले त्यातले कित्येक सरळ माणसांचेच होते. बिघाड कुठे होतो ते सांगतो. हप्ता पाहुण्यांच्या बचत खात्यातून आपोआप कापला जातो. तुम्ही ३ तारखेला त्या खात्यावर पैसे टाकता, हप्ता ५ तारखेला असतो, आणि मधे ४ तारखेला त्यांच्याच दुसऱ्या एखाद्या कर्जाचा हप्ता त्यातून जातो. गाडीचा हप्ता बाऊन्स. तुम्ही पैसे भरलेले, त्यांनी उचललेले नाहीत, तरी थकबाकी सुरू. ऊसबिल लांबलं किंवा द्राक्षाला दर मिळाला नाही की खात्यात शिल्लकच राहत नाही, मग असं सलग दोन-तीन महिने होतं. कंपनीचे फोन त्यांना जातात, नोटीस त्यांच्या पत्त्यावर जाते. संकोचापोटी ते तुम्हाला सांगत नाहीत, ‘पुढच्या महिन्यात भरून टाकू’ म्हणतात.

पलूसकडच्या एका शिक्षकांचं अगदी असंच झालं. त्यांनी दर महिन्याला पैसे दिलेले होते, मोबाईलवर सगळे मेसेज होते. मिरजेत लग्नाला गेले असताना कार्यालयाबाहेरून फायनान्सच्या माणसांनी गाडी ओढून नेली. ते आमच्याकडे विचारायला आले, कारण त्यांचा पगार आमच्या बँकेत होता. माणूस रडवेला झाला होता. कर्ज आमचं नव्हतं, पण आमचं असतं तरी मी त्यांना खात्याचा उतारासुद्धा दाखवू शकलो नसतो, कारण कर्जदार ते नव्हते. ही गोष्ट तुम्ही नीट मनात धरा: ज्या कर्जाचे हप्ते तुम्ही भरणार आहात, त्यात किती बाकी आहे हे विचारण्याचाही हक्क तुम्हाला नसेल.

गाडी ओढून नेण्याबद्दल लोकांचा गैरसमज असतो. वसुलीसाठी गुंड पाठवणं चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये स्पष्ट सांगितलंय, आणि सकाळी ८ च्या आधी व संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करू नयेत असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये बजावलंय. दमदाटी झाली तर जरूर तक्रार करा. पण करारातल्या अटीप्रमाणे नोटीस देऊन थकलेली गाडी ताब्यात घेण्याचा हक्क त्यांना असतो, आणि ती नोटीस मिळायची असते कर्जदाराला. तुमच्या हातात उरतो तो फक्त पाहुण्यांविरुद्धचा दावा. दिवाणी दावा लावा, मुळापासून फसवायचाच हेतू होता असं दाखवता आलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फिर्याद द्या. नात्यात हे कोण करतं?

आता एक अशी गोष्ट, जी गाड्यांचे एजंट सहसा सांगत नाहीत. गाडीचं कर्ज पूर्ण फिटलं तरी एनओसी, म्हणजे बोजा उतरवायला हरकत नसल्याचं संस्थेचं पत्र, अडू शकते. कर्जदारानं त्याच संस्थेकडून दुसरं कर्ज घेतलेलं असेल, गाडीवरच टॉप-अप म्हणजे वाढीव कर्ज उचललेलं असेल, किंवा तो दुसऱ्या कुणाला जामीन राहिलेला असेल आणि ते खातं थकलं असेल, तर करारातल्या अटीचा आधार घेऊन संस्था बोजा उतरवायला नकार देते. आपल्या जिल्ह्यात कोण कुणाला जामीन नाही? घरटी एक तरी जामीनकी असते. त्यामुळे ‘बाकी किती?’ एवढं विचारून भागत नाही. ‘या कर्जदाराकडून, जामीनदार म्हणूनसुद्धा, तुमचं आणखी काही येणं आहे का?’ हा प्रश्न शाखेत पाहुण्यांच्या तोंडून, तुमच्या समोर विचारला गेला पाहिजे आणि उत्तर लेखी घ्यायला हवं. त्यांना स्वतःचा सिबिल रिपोर्टही काढायला सांगा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात त्यांची सगळी कर्जं दिसतात, जामीनकीही दिसते.

तुमच्या पाहुण्यांचं कर्ज मोठ्या फायनान्स कंपनीचं आहे म्हणून तुम्हाला पतसंस्थेचा त्रास नाही, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं लिहितो. सांगली-साताऱ्यात पतसंस्थांनी गाड्यांवर भरपूर कर्जं दिली आणि त्यातल्या काही पुढे बंद पडल्या. आरसीवर अशा संस्थेचा बोजा राहिलेला असेल तर पत्र द्यायला शाखाच उरलेली नसते. अशा वेळी संस्थेचा कारभार गुंडाळायला सहकार खात्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याकडून, म्हणजे अवसायकाकडून, येणे नसल्याचा दाखला आणावा लागतो. जिल्हा उपनिबंधक कार्यालयात अवसायक कोण आहे ते कळतं. हे काम विकणाऱ्यानं करायचं आणि तेही व्यवहाराआधी. आणखी एक, पतसंस्थेचं थकलेलं कर्ज सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्यापर्यंत गेलेलं असेल तर वसुली अधिकारी कर्जदाराच्या जंगम मालमत्तेवर जप्ती आणू शकतो. आरसीवर नाव कर्जदाराचं असेल तर गाडी त्याचीच धरली जाणार, ती कुणाच्या दारात उभी आहे यानं फरक पडत नाही.

विम्याचं तर कुणी बोलतच नाही. पॉलिसी पाहुण्यांच्या नावावर, त्यावर फायनान्स कंपनीची नोंद. समजा पेठ नाक्याजवळ अपघात होऊन गाडी पूर्ण निकामी झाली. दाव्याचे पैसे आधी कर्जखात्यात जातात, उरले तर पॉलिसीधारकाला. तुमचे २ लाख ८० हजार आणि भरलेले हप्ते त्या हिशोबात कुठेच नाहीत. चोरी झाली तरी तेच. त्यात कुणाला इजा झाली तर प्रकरण आणखी वाढतं. गाडी विकली असली तरी आरसीवर ज्याचं नाव आहे त्याला जबाबदारी टाळता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिलाय. हा मुद्दा पाहुण्यांना मुद्दाम सांगा. गाडी आत्ताच नावावर होण्यात तुमच्याइतकंच त्यांचंही हित आहे, आणि असं सांगितलं की कागद मागताना अविश्वास दाखवल्यासारखंही वाटत नाही. आपल्याकडे पाहुण्यांकडे कागद मागणं जड जातं, मला ठाऊक आहे. ‘बँकेतल्या ओळखीच्या माणसानं असं करायला सांगितलंय’ म्हणा, माझ्यावर ढकला.

मग व्यवहार कसा करायचा? आधी परिवहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर एमएच-१० चा तो नंबर टाकून बघा. बोजा कुणाचा, विमा कधीपर्यंत, मालकाचा अनुक्रम किती हे दिसतं. चलनं किती थकलीत तेही बघून घ्या. बोजा किती रकमेचा आहे ते तिथे दिसत नाही. त्यासाठी पाहुण्यांना फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज आत्ता बंद करायला किती भरावे लागतील ते सांगणारं पत्र, काढायला सांगा. त्यात राहिलेली मुद्दल, त्या तारखेपर्यंतचं व्याज, बाऊन्सचे दंड आणि मुदतीआधी कर्ज बंद करण्याचा आकार असतो, आणि ती रक्कम ठरावीक तारखेपर्यंतच चालते. तोंडी सांगितलेल्या २ लाख ४० हजारांपेक्षा हा आकडा जास्त निघाला तर नवल वाटून घेऊ नका. तो जादा भार कुणी सोसायचा ते तेव्हाच बोलून घ्या.

मग दोघं मिळून शाखेत जा. पत्र खरं आहे याची खात्री काउंटरवर करून घ्या, कारण बनावट पत्रं आणि बनावट एनओसी मी स्वतः हातात धरल्यात. कर्जाची रक्कम तुमच्या खात्यातून थेट त्या कर्जखात्यावर आरटीजीएसनं पाठवा. पाहुण्यांच्या बचत खात्यावर नाही, त्यांच्या हातात तर नाहीच. उरलेले पैसे दोन टप्प्यांत द्या. थोडी रक्कम विसार म्हणून, आणि मोठा भाग एनओसी आणि फायनान्स कंपनीच्या सही-शिक्क्याचे फॉर्म ३५ (आरटीओत बोजा उतरवायचे अर्ज) हातात आल्यावर. या मधल्या काही दिवसांसाठी लेखी करार जरूर करा, तिथे स्टॅम्पपेपरचा खरा उपयोग आहे: मी अमुक रक्कम त्यांच्या कर्जखात्यावर भरली, ती गाडीच्या किमतीपोटी, आणि व्यवहार मोडला तर अमुक दिवसांत परत. रोखीचा आग्रह मोडून काढा. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि दंड रोख घेणाऱ्याला म्हणजे पाहुण्यांनाच बसतो.

तुमच्याकडे एकरकमी पैसे नाहीत म्हणून हप्त्यांची बोली बरी वाटतेय, हे मी समजू शकतो. तर मग कर्ज स्वतःच्या नावावर घ्या. जुन्या गाडीसाठी बँका कर्ज देतात. व्याज नव्या गाडीपेक्षा जास्त पडतं, पण तुमची बँक पाहुण्यांचं कर्जखातं थेट बंद करते, कागद स्वतः तपासते, आणि बोजा उतरून गाडी तुमच्या नावावर, तुमच्या बँकेच्या बोजासह येते. भरलेला प्रत्येक हप्ता तुमच्या नावावर जमा होतो. त्यांच्याच फायनान्स कंपनीला नवा करार करून तुम्हाला कर्जदार करता येईल का, हेही विचारून बघा. काही संस्था करतात. तोंडी होकारावर मात्र पैसे देऊ नका.

एनओसी आल्यावर ती ड्रॉवरमध्ये ठेवू नका. तिच्यावर मुदत लिहिलेली असते, बहुधा ९० दिवस. फॉर्म ३५ नं बोजा उतरवायचा आणि २९ व ३० नं नाव बदलायचं, दोन्ही अर्ज एकाच वेळी करता येतात. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असा नियम आहे. ऑनलाइन अर्जात ओटीपी पाहुण्यांच्या मोबाईलवर येतो, म्हणून त्यांचा चालू नंबर आरसीशी जोडलेला आहे का ते आधी बघा. जुना नंबर बंद पडलेला असला की तिथेच काम अडतं. विमा कंपनीलाही १४ दिवसांत अर्ज द्या. तिसऱ्या पक्षाचं, म्हणजे अपघातात इतरांच्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुमच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण पॉलिसी तुमच्या नावावर झाल्याशिवाय धरून चालू नका. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पाहुण्यांचाच राहतो, त्यामुळे पॉलिसी बदलताना थोडा फरक भरावा लागेल, तेवढे पैसे बाजूला ठेवा.