‘विषाणुजन्य’ कुठे, ‘विषाणूचा’ कुठे?

प्रश्न असा आहे: पुण्यातल्या एका महाविद्यालयात विज्ञान दिनासाठी भित्तिपत्रक करायचे आहे. शीर्षक ठरले आहे ‘विषाणूजन्य लसिकार्बुदात विषाणूजन्य सूक्ष्म आरएनएची भूमिका’. मूळ इंग्रजी शीर्षकात पहिल्या जागी ‘व्हायरस-असोसिएटेड’ आहे, दुसऱ्या जागी नुसते ‘व्हायरल’. (लसिकार्बुद म्हणजे लिम्फोमा, पांढऱ्या पेशींचा एक कर्करोग; सूक्ष्म आरएनए म्हणजे मायक्रोआरएनए, प्रथिनांची निर्मिती आवरणारे आरएनएचे छोटे तुकडे.) दोन्हींसाठी ‘विषाणूजन्य’ हा एकच शब्द चालेल का?

चालणार नाही. पहिल्या जागी तो थोडा जास्त बोलतो, दुसऱ्या जागी चुकीचे बोलतो.

‘जन्य’ म्हणजे त्यापासून उपजलेले. पावसाळ्यात पुण्यातल्या कुठल्याही दवाखान्यात ‘व्हायरल आहे’ हे ऐकू येते आणि वर्तमानपत्रे त्यालाच ‘विषाणुजन्य ताप’ म्हणतात. तिथे शब्द चपखल आहे, कारण ताप विषाणूला येत नाही, आपल्याला येतो. विषाणू फक्त कारण असतो. शीर्षकातल्या मायक्रोआरएनएंची गोष्ट वेगळी आहे. ते विषाणूच्या स्वतःच्या जनुकसंचात लिहिलेले असतात. एप्स्टाइन-बार विषाणूच्या, म्हणजे ईबीव्हीच्या, डीएनएत अशा २५ जागा आहेत. तिथून निघणारा आरएनए केसांत खोचायच्या आकड्यासारखा वळतो. पेशीकेंद्रात ड्रोशा हे विकर तो आकडा लांबट धाग्यातून सोडवते, केंद्राबाहेर डायसर त्याचे टोक छाटते, आणि साधारण २२ अक्षरांचा, म्हणजे आरएनएच्या २२ घटकांचा, तुकडा हाती येतो. कापणारी ही दोन्ही विकरे आपल्या पेशीची, मजकूर मात्र विषाणूचा. म्हणून साधी षष्ठी वापरावी: ‘विषाणूचे मायक्रोआरएनए’. इतका सोपा प्रत्यय हाताशी असताना विशेषण घडवायची गरज नाही.

हा केवळ शब्दांचा कीस नाही. ईबीव्ही बी-पेशीत (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीत) शिरला की माणसाचा स्वतःचा एक मायक्रोआरएनए, मिर-१५५, वाढतो. ‘विषाणुजन्य’ म्हटले की वाचक नेमका हाच समजेल: विषाणूमुळे आपल्यात निर्माण झालेला. याला खरे तर ‘विषाणुप्रेरित’ म्हणावे. ईबीव्हीचा भाऊबंद, केएसएचव्ही नावाचा विषाणू, आणखी पुढे जातो. त्याच्या मिर-के१२-११ ची सुरुवातीची आठ अक्षरे मिर-१५५ शी तंतोतंत जुळतात, आणि लक्ष्य ओळखण्याचे काम मुख्यतः याच भागाकडे असते. म्हणजे एक विषाणू आपल्याकडचा मायक्रोआरएनए वाढवून घेतो, दुसरा त्याची नक्कल स्वतःजवळच बाळगतो. दोन्हींवर ‘विषाणूजन्य’ची एकच चिठ्ठी लावली तर भित्तिपत्रकातला सर्वांत सुंदर मुद्दा शीर्षकातच हरवेल. आकृत्यांत गोंधळ नको असेल तर नावाआधीची अक्षरे गाळू नका: माणसाच्या मायक्रोआरएनएला ‘एचएसए’ (होमो सेपियन्सवरून), विषाणूच्या मायक्रोआरएनएला ‘ईबीव्ही’ किंवा ‘केएसएचव्ही’.

संख्या लिहितानाही जपा. विषाणूंचे मायक्रोआरएनए पहिल्यांदा सापडले २००४ साली, ईबीव्हीतच, आणि तेव्हा पाचच मिळाले होते. कारण तपासलेल्या बी९५-८ या वाणाच्या डीएनएतून सुमारे १२ हजार अक्षरांचा तुकडाच गळालेला आहे, आणि ईबीव्हीच्या ‘बार्ट’ नावाच्या गटातले बहुतेक मायक्रोआरएनए त्याच तुकड्यात असतात. जुन्या लेखातून ‘पाच’ उचलले तर चूक होईल.

आता शीर्षकातला पहिला शब्द. जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात ईबीव्ही मुकाट्याने राहत असतो, आणि त्यांतल्या फारच थोड्यांना लिम्फोमा होतो. बर्किट हा लिम्फोमाचा एक प्रकार; आफ्रिकेतल्या बर्किट लिम्फोमात ईबीव्ही जवळजवळ प्रत्येक गाठीत सापडतो; इतरत्र होणाऱ्या बर्किटमध्ये पुष्कळदा सापडत नाही. ईबीव्ही कर्करोगकारक आहे हे मान्य झालेले आहे, तरी एकट्या विषाणूने लिम्फोमा होत नाही. इंग्रजी लेखकाने ‘असोसिएटेड’ हा सावध शब्द जाणून घातला आहे. मराठीत ती सावधगिरी ‘विषाणुसंबद्ध’ने टिकते.

‘लसिकार्बुद’ घडणीने निर्दोष आहे. अर्बुद म्हणजे गाठ हा अर्थ सुश्रुताइतका जुना. पण जखमेतून वाहते तीही ‘लस’ आणि दंडावर टोचतात तीही ‘लस’. आजच्या वाचकाच्या मनात दुसरीच आधी येते, आणि ‘लसिका’ वाचताना लसीकरण आठवते. कर्करोगाच्या संदर्भात हा घोटाळा मला धोक्याचा वाटतो. रुग्ण, नातेवाईक, डॉक्टर सगळे ‘लिम्फोमा’च म्हणतात, तोच ठेवा. ‘सूक्ष्म आरएनए’ही सोडा. सगळेच आरएनए डोळ्यांना न दिसणारे. इथे ‘मायक्रो’ वर्णन करत नाही, एका ठरावीक जातीचे नाव सांगतो. ‘मायक्रोआरएनए’ सलग लिहावे.

शुद्धलेखनाचे थोडक्यात: सुटा शब्द ‘विषाणू’, प्रत्यय लागला की ‘विषाणूचा’, पण समासात पहिले पद झाले की मूळ ऱ्हस्व परत येतो. म्हणून ‘विषाणुसंबद्ध’, ‘विषाणुप्रेरित’, आणि तापापुरते ‘विषाणुजन्य’.

मजकुरात ‘जनुक बंद करतो’ असे क्रियापद आले असेल तर तेही बदला. मायक्रोआरएनए जनुकाला हात लावत नाही. जनुकावरून उतरलेल्या संदेशवाहक आरएनएला चिकटून प्रथिनाची निर्मिती मंदावतो, बहुधा पूर्ण थांबवत नाही. बार्ट गटातला बार्ट५ पेशीला मरणाकडे नेणारे ‘प्यूमा’ हे प्रथिन असेच कमी करतो. बार्ट२ ‘एमआयसीबी’ हे प्रथिन कमी करतो, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या मारक पेशींना दिसणारी धोक्याची खूण पुसट होते. आणि मायक्रोआरएनए स्वतः प्रथिन नसल्याने प्रतिकारशक्तीला पकडायला काही मिळत नाही. ‘मंदावतो’, ‘कमी करतो’, ‘आवरतो’ ही क्रियापदे इथे खरी आहेत.

तेव्हा शीर्षक असे करावे: ‘विषाणुसंबद्ध लिम्फोमात विषाणूच्या मायक्रोआरएनएंची भूमिका’.