कॅल्गरीला येताय? हँडगनचा विचार सोडा, बेअर स्प्रे घ्या

पीआरवर, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्यावर, कॅनडातल्या कॅल्गरीला येताय, वीस वर्षं सह्याद्री पायाखाली घातलाय, आता रॉकीजमध्ये तंबू टाकून राहायचंय, तर अस्वलासाठी हँडगन बाळगता येईल का, असं तुम्ही विचारलंत.

सरळ सांगतो, नाही. कॅनडात हँडगन 'रिस्ट्रिक्टेड', म्हणजे कडक निर्बंध असलेल्या वर्गात मोडते. ती रानात जवळ बाळगायचा परवाना वेगळा असतो आणि तो पोटापाण्यासाठी दुर्गम भागात जाणाऱ्यांना मिळतो, म्हणजे सापळे लावणारे परवानाधारक शिकारी, भूगर्भशास्त्रज्ञ वगैरे. हौशी ट्रेकरला मिळत नाही. त्यात २१ ऑक्टोबर २०२२ पासून सामान्य माणसाला हँडगन विकत घेणं जवळपास बंदच झालंय. बॅन्फ-जॅस्पर या राष्ट्रीय उद्यानांच्या ट्रेलवर तर रायफलही नेता येत नाही. अलास्कातले मित्र कंबरेला पिस्तूल लावलेले फोटो पाठवतील, पण तिथला कायदा निराळा. तिथेही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला बंदूक बाळगायला सहसा मनाईच आहे. सीमेपलीकडून आणायचं तर मनातही आणू नका, पीआर गमावून बसाल.

आता मुद्द्याचं. इथे सगळे बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा, बाळगतात, आणि तो नाइलाज म्हणून नव्हे. टॉम स्मिथ आणि आमच्या कॅल्गरी विद्यापीठाचे स्टीफन हेरेरो या अस्वलांच्या अभ्यासकांनी अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या घटना तपासल्या. स्प्रे मारल्यावर तपकिरी अस्वलं (ग्रिझली त्यातलंच) ९२ टक्के वेळा थांबली होती.

आकड्यांपेक्षा मला एक ऑगस्टमधली सकाळ जास्त पटवून गेली. कॅल्गरीजवळच्या कॅनानास्किसच्या डोंगरात एका वळणावर बायकोने मागून माझी सॅक ओढली. तीस पावलांवर ग्रिझली, खांद्यावरचं वशिंड स्पष्ट दिसत होतं. बफेलोबेरीच्या झुडपात तोंड खुपसून फांद्या ओरबाडत होतं, लाल फळं टपाटप खाली पडत होती. मी डबा काढला, अंगठ्याने नारिंगी क्लिप ओढली. हळू आवाजात बोलत, पाठ न दाखवता मागे सरकलो. त्याने मान वर केली, हवा हुंगली आणि पुन्हा फळांत गढलं. डबा वापरावा लागला नाही. पण माझे हात इतके थरथरत होते की त्या हातांनी धावत्या जनावरावर पिस्तुलाचा नेम धरणं मला जमलंच नसतं. स्प्रेचा ढग होतो, नेम केसभर चुकला तरी अस्वल त्यातूनच येतं.

मात्र डबा सॅकच्या तळाशी असेल तर कुचकामी. तो कंबरेला किंवा छातीच्या पट्ट्यालाच हवा. मिरची नसलेला सरावाचा डबा मिळतो, तो अंगणात चार-पाचदा काढून, क्लिप ओढून, वाऱ्याची दिशा बघून मारून पाहा. मुदत तपासा. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, फुटू शकतो. विमानात केबिनमध्येही चालत नाही आणि चेक-इनलाही नाही, तेव्हा इथेच घ्या. आणि शहरात माणसांपासून बचावासाठी म्हणून खिशात ठेवलात तर तो गुन्हा ठरतो. नव्याने आलेल्यांना हे कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

मी चंद्रपूरकडचा. मोहफुलं वेचायला पहाटे रानात जाताना आजी मोठमोठ्याने बोलत चालायची, कारण दचकलेलं अस्वलच अंगावर येतं. ग्रिझलीचंही तेच. ओढ्याकाठी, दाट झुडपात, वारा समोरून असताना आवाज करत चाला. किल्ल्यावर शांतता पाळायची आपली सवय इथे मोडावी लागेल. रात्री जेवण, टूथपेस्ट, साबण सगळं तंबूपासून लांब, अस्वलाला उघडता न येणाऱ्या लॉकरमध्ये. तंबूत चिवड्याचं पाकीटही नको.

बॅन्फमधल्या लेक लुईजजवळच्या काही वाटांवर अस्वलं फिरत असली की किमान चौघांनी एकत्र चालायची सक्ती होते. तुम्ही दोघं, आम्ही दोघं. आल्यावर फोन करा, सरावाचा डबा माझ्याकडे आहे.